वहिनीच्या कॉम्प्युटरचा पी.पी. नंबर

डोंबिवली पूर्वेला आमच्या बिल्डिंगमध्ये चोवीस बिऱ्हाडं होती आणि फोन एकच, तो आमच्याकडे. वडिलांनी अर्ज केला तेव्हा मी पाढे पाठ करत होतो आणि फोन आला तेव्हा माझ्या दाढीचे ब्लेड संपत आलेले. त्यामुळे तो फोन आमचा एकट्याचा राहील अशी आशा कुणीच केली नव्हती. ज्याच्याकडे फोन नाही त्याने शेजाऱ्याचा नंबर बिनदिक्कत द्यायचा आणि पुढे ‘पी.पी.’ अशी दोन अक्षरं लिहायची, हा तेव्हाचा रिवाज. आमचा नंबर लग्नपत्रिकांवर होता, विवाह मंडळाच्या वह्यांत होता, शिवणक्लासच्या पाटीवर होता. एका भाडेकरूने तर तो व्हिजिटिंग कार्डावर छापून घेतलेला. आम्हाला कळलं ते नालासोपाऱ्याहून कुणीतरी पन्नास किलो पोह्याचे पापड मागितले तेव्हा. स्टेशनवर हरवलेल्या पोरांना पोलीस घरचा नंबर विचारायचे, तर निम्मी पोरं आमचा सांगायची. खोटं वाटत असेल तर त्यांतलीच एखादी शोधून विचारा. आता ती टक्कल पडलेली असतील.

हे एक्स्चेंज आई चालवायची. फोन घेतला की तिचे तीन प्रश्न ठरलेले. कोण बोलतंय? कुठून? कशासाठी? तिन्ही उत्तरं पटली तर, “दहा मिनिटांनी करा, बोलावून ठेवते.” मग गॅलरीत उभी राहून ती जी हाक मारायची, ती तिसऱ्या मजल्यावर पोचायचीच, शिवाय फाटकाबाहेरचा इस्त्रीवालाही दचकून स्वतःलाच चटका लावून घ्यायचा.

या घरात वहिनीने कॉम्प्युटर आणला, नव्वदीचं दशक उतरणीला लागलेलं तेव्हा.

वहिनी म्हणजे वादळ. सरकारी कचेरीतली कायमची नोकरी तिने एका सोमवारी सोडली, कारण तिथे तिला दिवसभरात जेवढं टाईप करायला द्यायचे तेवढं ती चहाच्या आधी संपवायची आणि उरलेल्या वेळात साहेबांच्या चुका काढायची. दादाला तिने हे जेवताना सांगितलं. तो दोन मिनिटं ताक पीतच राहिला. बिल्डिंगमध्ये चर्चा झाली. “कायमची नोकरी सोडून प्रश्नपत्रिका टाईप करणार? सुनेचं डोकं फिरलंय.” आई म्हणाली, “फिरू दे. थांबलेल्यापेक्षा बरं.”

आणि काय टाईप करायची! मी रंगाच्या कारखान्यात पहिल्या पाळीला होतो, कोपरापर्यंत गुलाबी हात घेऊन दुपारी घरी यायचो, आणि तिच्या खोलीच्या दारात नुसता उभा राहायचो. मराठी फॉन्टमध्ये गणित बसवणं म्हणजे मांजराला अंगडं घालणं. वर्गमुळाचं छप्पर एकीकडे, आकडे पावसात. वहिनीचं छप्पर मात्र आकड्यांवर असं बसायचं की खाली बिऱ्हाड करून राहावं. ठाण्यात दहावीचा एक मोठा क्लास होता, त्याच्या सरांनी ते छप्पर पाहिलं आणि गणिताच्या पूर्वपरीक्षेचा पेपर तिला दिला. त्या क्लासची पोरं मुलुंडपासून बदलापूरपर्यंत पसरलेली. सरांनी एकच अट घातली: “पेपर फुटला तर तुमचं काम संपलं. माझ्याकडचं आणि ठाण्यातलं सगळं. मी गप्प बसणारा माणूस नाही.” ते कुणी सांगायला नको होतं, त्यांचं कुजबुजणंही माझ्या कारखान्याच्या भोंग्याएवढं होतं.

म्हणजे वहिनीचं सगळं त्या एका पेपरावर. तो सुखरूप गेला तर नोकरी सोडलेली शहाणी, नाहीतर चोवीस बिऱ्हाडं म्हणतात ती.

कॉम्प्युटर होता नाठाळ. ऐन कामात गोठायचा. मग ठाण्याहून इंजिनियर यायचा, शीळफाट्यावरून, स्कूटरवर. तो आमच्या दारात उभा राहायचा तेव्हा अंगावर इतकी धूळ असायची की आई त्याला आधी गॅलरीत झटकायची; त्या धुळीत आमच्या कुंडीतली तुळस दोनदा नव्याने लावली. पण पोरगा जादूगार होता. बंद पडलेल्या यंत्राच्या पाठीवर हात ठेवून तो सांगायचा, कुठे दुखतंय. एक दिवस तो म्हणाला, “मॅडम, माझी कंबर आणि तुमचा वेळ, दोन्ही वाचवतो.” त्याने फोनच्या वायरीला एक डबी जोडली, तिचं नाव मोडेम, आणि कॉम्प्युटरमध्ये एक प्रोग्राम घातला. आता तो ठाण्यातून आमच्या नंबरवर फोन लावणार, सहा रिंगांत कुणी उचलला नाही तर कॉम्प्युटर स्वतः उचलणार, आणि मग आमचं यंत्र तो तिथे बसून चालवणार.

प्रात्यक्षिक झालं त्या दिवशी अर्धी बिल्डिंग आमच्या घरात. फोन वाजला, डबी किंचाळली, आणि पडद्यावरचा बाण आपणहून चालायला लागला. माऊसला कुणाचा हात नाही! बाणाने फाइल उघडली, बिघाड शोधला, दुरुस्त केला, फाइल मिटली. टाळ्या पडल्या. मी आजवर कारखान्यात बॉयलर फुटताना पाहिलाय, खाडीत मगरीएवढा बोय मासा पाहिलाय, पण छातीत असं धडधडलं नव्हतं. आईने मीठ-मोहऱ्या आणून कॉम्प्युटरची दृष्ट काढली. तळमजल्याच्या काकूंनी विचारलं, “याला भांडी घासता येतात का हो तिकडून?”

पुढच्या वेळी इंजिनियर आला तेव्हा वहिनीने मुद्द्याचं विचारलं. “पण तुम्ही आलात की दुसरं कुणी, हे यंत्राला कळणार कसं? पासवर्ड वगैरे?”

“मॅडम, ठाण्यापासून कल्याणपर्यंत गिऱ्हाइकं. कुणाकुणाचा पासवर्ड लक्षात ठेवू? कुणालाच नाही ठेवलेला. फक्त हा नंबर बाहेर कुणाला कळू देऊ नका. नंबर हीच किल्ली.”

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

“अहो, हा नंबर बाहेरच असतो,” वहिनी म्हणाली. “घरी आम्ही तो अधूनमधून वापरतो एवढंच.”

तो हसला. “नंबर असेल हो. पण डोंबिवलीत मोडेम कुणाकडे आहे? पुढच्या खेपेला बसवतो पासवर्ड.” आणि स्कूटरला किक मारून शीळफाट्याच्या धुळीत विरघळला.

घरात मात्र दोन सत्ता सुरू झाल्या. फोन वाजला की आई स्वयंपाकघरातून धावायची, कारण सहाव्या रिंगेनंतर तिचा फोन दुसरा कुणीतरी उचलणार, हे तिला मानवत नव्हतं. पुऱ्या तळत असली तरी चौथ्या रिंगेला हजर. ती बाहेर असली आणि आमचं लक्ष नसलं की डबी उचलायची. मग चाळीसगावची एखादी सासू कानात ती किंचाळी घेऊन तासभर देवापुढे बसायची. दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या जावयाने तीच किंचाळी ऐकून घरी सांगितलं, सासूबाई फोनवर फार तोडून बोलतात.

जानेवारी आला. संक्रांतीचे दिवस, आई रोज दुपारी हळदीकुंकवाला. सरांचा पेपर वहिनीच्या यंत्रात, शेवटचे दोन प्रश्न उरलेले. मी पाळी संपवून आलेलो, जेवायला बसलेलो, भातावर आमटी नुकतीच ओतलेली. फोन वाजला. वहिनी काम करताना फोन घेत नसे. ते आईचं खातं. माझा हात उष्टा. उष्ट्या हाताने फोनला शिवलेलं आईला चालत नाही, आणि डाव्या हाताने उचलायला मला सुचलं असतं तर मी रंगाच्या कारखान्यात कशाला राहिलो असतो? मी रिंगा ऐकत भात कालवत राहिलो. सहाव्या रिंगेनंतर डबी किंचाळली. मला वाटलं, इंजिनियर असेल.

“भावोजी, इकडे या,” वहिनीचा आवाज आला. “हात धुवू नका. आत्ता या.”

बाण चालत होता. पेपरभर फिरला, वर गेला, खाली आला, आणि चौथ्या प्रश्नाच्या मध्यात थांबून लिहायला लागला. मराठी फॉन्टमध्ये कुणीतरी इंग्रजी अक्षरं बडवत होतं, त्यामुळे उमटत होते नुसते काने, वेलांट्या आणि अर्धे ळ. समांतर रेषांच्या अंगावर जणू मुंग्यांची वरात.

“व्हायरस,” मी म्हणालो. तेवढा एकच शब्द मला येत होता.

“व्हायरस थांबून विचार करत नाही,” वहिनी म्हणाली. खरंच, बाण थबकला होता. मग त्याने ती सगळी घाण सभ्यपणे पुसली, एक कोरं पान उघडलं, आणि इंग्रजी अक्षरांत मराठी लिहू लागला.

“नमस्कार. नाशिकहून बोलतोय. म्हणजे लिहितोय. तुमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं आमच्या पुतण्याशी ठरलंय. तिच्या माहितीच्या कागदावर हा नंबर आहे पी.पी. म्हणून. मघापासून फोन करतोय, यंत्र ओरडतंय. एक निरोप द्याल का?”

वहिनीने लिहिलं, “आपण आत कसे आलात?”

“मी कॉम्प्युटरच विकतो हो. ओरडणं ओळखलं. तुमच्याकडे आहे तोच प्रोग्राम माझ्याकडे आहे. सहज लावून बघितला. कडी लावलेली नव्हती.”

भरदुपारी, पूर्ण दराचा एसटीडी जळत असताना, नाशिकचे काका आमच्या वहिनीशी तिच्याच पडद्यावर गप्पा मारत होते. निरोप असा होता की साखरपुड्याला रविवारी सकाळी नाही, दुपारी येतोय. तो देऊन झाल्यावर काका म्हणाले:

“ताई, रागावू नका. मागे गणिताचा पेपर दिसतोय. सवयीने वाचला. तिसऱ्या प्रश्नातला त्रिकोण होत नाही. पाच, सहा आणि बारा. मी कुणाला काही बोलणार नाही. पण मी आलो तसं कुणीही येईल. सांभाळा.”

काका गेले. बाण मेल्यासारखा पडला. वहिनीने भिंतीतून डबीची वायर उपटली, ती अशी की थोडं प्लॅस्टरही आलं.

“वहिनी,” मी म्हणालो, “नाशिकचे काका. सज्जन माणूस. सर ठाण्यात. कुणाला काय कळणार आहे?”

“भावोजी, पेपर बाहेरच्या माणसाने वाचला म्हणजे फुटला. थोडा फुटला की सगळा, हे ठरवणारी मी कोण?” आणि तिने सरांना फोन लावला. माझ्या हातावरची आमटी सुकून चामड्यासारखी झालेली, तरी मी तिथेच. फोनमधून सरांचा आवाज इतका मोठा आला की मला सगळं कळलं, आणि बहुधा तळमजल्यालाही.

आई हळदीकुंकवाहून आली. झाला प्रकार तिला सांगितला. ती म्हणाली, “निरोप काय होता?” आणि आधी गॅलरीत जाऊन तिसऱ्या मजल्याला हाक मारून आली. मग वहिनीजवळ येऊन बसली आणि वाणात मिळालेली फणी-करंडी तिच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः आले. दारात त्यांनी कॉलर सैल केली आणि तोंड उघडलं, तेवढ्यात आईने तिळगूळ पुढे केला. “घ्या, गोड बोला.” आता तिळगूळ तोंडात असलेला माणूस किती ओरडणार? सरांनी चावून गिळून टाकला आणि मगच सुरुवात केली.

“मी तुम्हाला सांगितलं होतं!”

“सांगितलं होतं सर.”

“कोण तो माणूस?”

“नाशिकचा. त्याने पूर्ण वाचला. तिसऱ्या प्रश्नातला त्रिकोण होत नाही म्हणाला.”

“माझा त्रिकोण?” सरांनी खिशातून पेन काढलं, आईच्या तिळगुळाच्या कागदावर बारा लांबीची रेघ मारली, आणि दोन टोकांकडून पाच आणि सहा निघाले. ते एकमेकांकडे झुकले, झुकले, आणि रेघेवर आडवे पडले. भेट काही होईना. सरांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि आवाज आणखी चढवला. “ते जाऊ दे! पुढचे सगळे पेपर मी नौपाड्यातल्या डीटीपीवाल्याला देतोय.”

“द्या सर,” वहिनी म्हणाली. “त्यांचं मशीन कोण बघतो?”

सरांनी इंजिनियरचं वर्णन केलं. स्कूटर, धूळ, सगळं तेच.

“आणि तुमच्या ऑफिसचं?”

“तोच.” आता आवाज जरा खाली.

“त्याने कुणालाच पासवर्ड ठेवलेला नाही, हे त्यानेच सांगितलंय. माझा नंबर निदान लग्नपत्रिकांवरच आहे. तुमचा तर मुलुंडपासून बदलापूरपर्यंत भिंतींवर रंगवलाय. तुमची परवानगी असेल तर लावून दाखवते.”

सरांनी पेन परत खिशाला अडकवलं. मग म्हणाले, “लावा.”

वहिनीने वायर भिंतीत घातली आणि सरांच्याच क्लासचा, प्रत्येक भिंतीवरचा तो नंबर फिरवला. सहा रिंगांत तिकडे कुणी उचलला नाही. डबी किंचाळली. आमच्या पडद्यावर हळूहळू, वरून खाली, जेवणावळीत पंगत मांडल्यासारखं सरांचं ऑफिस उलगडलं. हिरव्या पटावर पत्ते मांडलेले. ठाण्यात सरांचा कारकून पेशन्स खेळत होता.

सर खुर्ची ओढून बसले.  कारकून एकाच पत्त्यावर अडलेला.

“काळा नव्वा,” सर पुटपुटले. “लाल दहावर. समोर आहे की रे गाढवा.”

वहिनीने माऊस हलवला आणि ठाण्यातला काळा नव्वा डोंबिवलीतून उचलून लाल दहावर ठेवला.

ठाण्यात काय झालं असेल, ते मला कारकुनाने नंतर स्वतः सांगितलं, म्हणून खरं. त्याने हात वर केले, माऊसकडे पाहिलं, परत नव्वा होता तिथे ठेवला. सर म्हणाले, “हलवा परत.” वहिनीने हलवला. मग तो उठून जो गेला तो मारुतीला तेल वाहूनच परत आला. रिकाम्या खुर्चीसमोर वहिनीने खेळ बंद केला आणि सरांच्या फाइली उघडल्या. विज्ञान. इतिहास. भूगोल. इंग्रजी. सगळे पूर्वपरीक्षेचे पेपर एका जागी, ओळीने, कुणीही यावं आणि घेऊन जावं असे.

 सरांनी हात पुढे केला, आणि आईने त्यांच्या तळव्यावर दुसरा तिळगूळ ठेवला.

“आता काय करायचं?” ते म्हणाले. भोंगा नव्हता. माणूस बोलत होता.

वहिनीने काय करायचं ते रात्रीच ठरवलं होतं, आणि ते जगातल्या कुठल्याही कंपनीला जमलं नसतं. डबीची वायर एरवी भिंतीबाहेर. इंजिनियरला यंत्रात शिरायचं असेल तर त्याने आधी तोंडी फोन करायचा. तो घेणार आई. कोण, कुठून, कशासाठी. उत्तरं पटली तर दहा मिनिटांनी करा. त्या दहा मिनिटांत पेपर फ्लॉपीवर काढून यंत्रातून पुसायचा, फ्लॉपी आईच्या देव्हाऱ्यात. मग वायर जोडायची, पासवर्ड त्या दिवसापुरता, आणि तो काम करतोय तोवर वहिनी पडद्यासमोरून हलणार नाही. बाण वावगा वळला की वायर बाहेर.

इंजिनियरला त्याच संध्याकाळी बोलावून घेतलं. मला वाटलं होतं, तो वाद घालेल. पण त्याने काकांची गोष्ट ऐकली, दाराशीच बसला, आणि धुळीने माखलेल्या चेहऱ्यावर दोन स्वच्छ ओघळ उमटले. चहा पिऊन उठला तो थेट स्कूटरवर. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडे जाऊन त्याने स्वतःच्या हाताने कड्या लावल्या. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. वहिनीने फोन लावून लावून पडताळलं. पुन्हा आमच्याकडे आला तेव्हा आईने त्याला धूळ न झटकता आत घेतलं.

सर त्या दिवशी परत गेले नाहीत. आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांनी गणिताचा आख्खा पेपर नव्याने काढला. एक प्रश्न झाला की कागद वहिनीकडे, तो बसवून झाला की कागद आई शेगडीत घालायची. वहिनी मधूनच आतून म्हणायची, “सर, ही समीकरणं सुटत नाहीत,” आणि सर तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणून खोडायचे. मला कामाला लावलं नाही, कारण माझ्या हातांनी कागद गुलाबी होत होते. मी दारात उभा राहून पाहत होतो: एवढा दांडगा माणूस आणि चष्मा कपाळावर सरकवलेली आमची वहिनी, दोघं एका त्रिकोणावरून भांडतायत, आणि या खेपेला तो त्रिकोण मिटतोय.

गणिताची पूर्वपरीक्षा झाली. पेपर इतका कठीण निघाला की पोरं बाहेर येऊन भिंतींना डोकी टेकून उभी राहिली. दोन भिंतींचा रंग उडाला. फुटला नव्हता याचा वेगळा पुरावा कुणी मागितला नाही. नाशिकचे काका साखरपुड्याला आले तेव्हा वहिनीने त्यांना स्वतः वाढलं. त्यांनी पेपराबद्दल अवाक्षर काढलं नाही; फक्त मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावत म्हणाले, “त्रिकोण झाला का?”

“झाला,” वहिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा ड्रायव्हर आला. हातात लाखेने मोहोर केलेलं जाडजूड पाकीट, त्यात उरलेल्या सगळ्या विषयांचे नव्याने काढलेले कच्चे पेपर आणि सरांची दोन ओळींची चिठ्ठी: इथून पुढे सगळं तुमच्याकडे. चुका दिसल्या तर विचारत बसू नका, दुरुस्त करा.

वहिनीने चिठ्ठी एकदा वाचून आईला दिली. आईने ती दादाला दिली. दादा ताक पीत होता, त्याने भांडं खाली ठेवलं. वहिनी तोवर खुर्चीत बसलीसुद्धा. तिने भूगोल वर काढला, चष्मा नाकावर ओढला, आणि मला म्हणाली, “भावोजी, जाताना दार ओढून घ्या.”